तेल न लावता मऊ पोळ्या-भाकऱ्या : आपापले अनुभव लिहा

परात :
सकाळी फुलका टम्म फुगला, कडेला बारीक भोक पडून शिट्टीसारखी वाफ निघाली आणि घरातलं जुनं वाक्य आठवलं, "तेल कशाला गं, वाफ सांभाळ." म्हणून हा धागा. कणकेत, घडीत, वरून, कुठेच तेल नाही अशा पोळ्या-भाकऱ्यांबद्दल लिहा. प्रमाण हवं, वेळ हवी, बिघडतं कुठे तेही हवं.

सुरुवात करते. 250 ग्रॅम कणकेला 165 ते 175 मिली कोमट पाणी, पाव चमचा मीठ. यात साधारण 35 ग्रॅमचे 12 उंडे होतात. भिजवल्या भिजवल्या कणीक हाताला किंचित चिकटायला हवी. घट्ट गोळा लाटायला सोपा, पण त्याचा फुलका तासाभरात चामडं होतो. चिकटतेय म्हणून लगेच पीठ भुरभुरवू नका. झाकून अर्धा तास ठेवा. कोंडा पाणी सावकाश पितो, तोवर चिकटपणा आपोआप उतरतो. मग ओल्या हाताने दोन-तीन मिनिटं तिंबा, बोट दाबलं तर खळगा हळूहळू भरून आला पाहिजे.

काविलथा :
फुगत नाही अशी तक्रार येणारच, आधीच लिहून टाकतो. पहिली बाजू जास्त भाजली जाते, हे मुख्य कारण. ती कडक झाली की ताणली जात नाही, मग वाफ मिळेल त्या फटीतून पळते. पहिली बाजू 15-20 सेकंद, रंग बदलून बारीक फोड दिसले की उलटा. दुसरी 35-40 सेकंद, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग पहिली बाजू खाली करून थेट आचेवर, 5-7 सेकंद पुरतात.
तवा तापला का ते बघायला पिठाची चिमूट टाका. 5-6 सेकंदांत बदामी झाली तर ठीक, लगेच काळी पडली तर आच कमी करा. मंद आचेवर मात्र कधीच नको. पाणी हळूहळू उडून जातं आणि फुगायच्या आधीच खाकरा तयार.

पिठलंवाली :
सोबत पिठलं आहे का? असेल तर येतेच 😀

उंडा :
काविलथा +1. अजून एक, लाटताना लावलेली पिठी. उंडा पिठीत एकदाच घोळवायचा, पुन्हा लावावीच लागली तर चिमूटभर. तव्यावर टाकण्याआधी पोळी या हातावरून त्या हातावर झटकायची. उरलेली पिठी जळते, कडवट लागते, आणि पोळीचा ओलावा ओढून घेते. कडा पातळ, मधे किंचित जाड असं लाटलं तर चालतं, उलट झालं तर कडा कच्ची राहते. सुमारे 16 सेंमी व्यास, जाडी 2 मिमीच्या आतबाहेर. गोल नाही आली तरी फुगते बरं का, नकाशेसुद्धा फुगतात.

शाळू :
पोळ्यांवर घसरलात सगळे. भाकरीला तेल लागतच नाही, तिच्याबद्दल लिहा की.

ज्वारीत गव्हासारखा चिवट ताण येत नाही, म्हणून तो गरम पाण्याने आणावा लागतो. 1 वाटी पिठाला पाऊण वाटी पाणी जवळ ठेवा, पीठ जुनं असेल तर थोडं जास्त. पाणी उकळीचं, एकदम सगळं ओतू नका. आधी उलथण्याने कालवा, हात लावता येईल एवढं निवलं की परातीत तळव्याच्या टाचेने रगडून मळा. एका वेळी एका भाकरीचंच, मळून ठेवलेलं पीठ सुकतं आणि थापताना कडेला चिरतं.

थापताना परातीत पिठी सढळ हवी, भाकरी बोटांखाली फिरत राहिली पाहिजे. तव्यावर टाकताना पिठी लागलेली बाजू वर. लगेच ओल्या हाताने सगळीकडे पाणी फिरवा, कडेपर्यंत. आता इथे लक्ष: ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. सुकलं तर भेगा पडतात. फारच ओली असताना उलटली तर तव्याला चिकटते. ओलेपणाची चकाकी जाऊन वर मंद ओल दिसते, तो क्षण. उलटल्यावर मिनिट-दीड मिनिट भाजू द्या, मग पहिली बाजू आचेकडे करा. पापुद्रा सुटतो.

तवाताई :
शाळू, पीठ किती दिवसांचं वापरता? माझ्याकडे कितीही गरम पाणी घातलं तरी थापताना तुटतेच

शाळू :
महिनाभर जुनं असेल तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली समजा. थोडं थोडं दळून आणा, आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच. सध्याच्या पिठाची उकड काढा: 1 वाटी पाणी उकळून मीठ, त्यात 1 वाटी पीठ, ढवळून 5 मिनिटं झाकण, गरम असतानाच मळा. भाकरी होईल. बाजरीचं पीठ तर याहून लवकर बिघडतं, त्यातल्या स्निग्धांशामुळे कडू होतं. फ्रीजमध्ये घट्ट डब्यात ठेवा. आणि ज्वारी मालदांडी मिळाली तर तीच घ्या.

तवाताई :
मालदांडी म्हणजे मंगळवेढ्याकडची ना?

शाळू :
हो, रब्बीची. तिचा एम 35-1 हा वाण मोहोळला निवडून काढलेला. पांढरी, चवीला गोडसर. खरिपाच्या संकरित ज्वारीची भाकरी लवकर कडक होते असं माझं मत, भांडायला तयार आहे.

गिरणीवाला :
वाणांचा विषय निघाला म्हणून गव्हाचं: लोकवन हे नाव लोक-1 या वाणावरून. तो गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झाला. साध्या फुलक्याला मस्त. खपली गहू घेत असाल तर तिची कणीक जोर धरत नाही, कडा फाटतात. पाणी चांगलं गरम घ्या आणि थोडं जाड लाटा. दळताना "बारीक" सांगा, भरडसर कोंडा पोळीला आतून टोचतो आणि वाफेला तिथेच भोक मिळतं.

पिठलंवाली :
आमच्याकडे उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होतो. तेल वाचवलं फुलक्यात, घातलं फोडणीत 🙈

काविलथा :
हिशोब बरोबर जुळला की हो.

परात :
तांदळाच्या भाकरीबद्दल कोणी लिहिलंच नाही.

उंडा :
तीही उकडीचीच. 1 वाटी पाण्याला 1 वाटी पीठ, मीठ. पाणी खळखळून उकळलं की पीठ टाकायचं, गॅस बंद करून ढवळायचं, झाकण. गार होऊ दिलं की गुठळ्या राहतात, म्हणून पाण्यात हात बुडवत गरमच मळा. थापण्यापेक्षा लाटणं सोपं जातं. कडा चिरल्या तर पीठ कोरडं आहे, चमचाभर गरम पाणी घालून परत मळा. नाचणीलाही हेच.

तवाताई :
इंडक्शनवर फुलका कसा फुगवायचा? जाळी ठेवली तर ती नुसती बघत बसते

काविलथा :
तव्यावरच. दुसरी बाजू भाजून झाली की पुन्हा उलटा, दुमडलेल्या सुती फडक्याने कडेकडेने हलकं दाबत गोल फिरवा. जिथे दाबाल तिथून वाफ पुढे सरकते आणि सगळा फुगतो. मधोमध जोरात दाबलं तर फुटतो. लोखंडी तवा घ्या, नॉनस्टिक रिकामा एवढा तापवू नये.

भोजनपात्र :
ऑफिसच्या डब्यात संध्याकाळपर्यंत मऊ राहतील असं काही?

उंडा :
उतरवल्यावर आधी जाळीवर 10-15 सेकंद, नुसती धगधगती वाफ जाऊ दे. मग कोरड्या सुती फडक्यात एकावर एक, डबा झाकून. गरम पोळी थेट स्टीलच्या डब्यात घातली तर झाकणावर घाम धरतो आणि वरची पोळी गिजगिजीत, खालची वातड. रात्रीच्या उरल्या तर फ्रीजमध्ये नको, तिथे पिठूळ कण लवकर कडक होतात. फ्रीझर बरा. काढल्यावर पाण्याचा हात लावून तापल्या तव्यावर 20 सेकंद, पुन्हा मऊ. पण तेव्हाच खा, निवली की आधीपेक्षा कडक.

भोजनपात्र :
धन्यवाद. फडकं रोज धुवायचं का 😅

पिठलंवाली :
नाही, वर्षातून एकदा, दिवाळीला.

तवाताई :
आज थापली. पाचातल्या तीन फुगल्या, दोन्ही बिघडलेल्यांचं पाणी सुकलं होतं. पण तव्यावर पिठीचा काळा थर बसतोय, पुढच्या भाकरीला डाग पडतात

शाळू :
दोन भाकऱ्यांमधे कोरड्या फडक्याने तवा पुसून घ्या, फडकं चिमट्यात धरून. ओल्याने नको, तवा निवतो आणि पुढची चिकटते.