आधी दिसली त्याची मेंढी! एज ऑफ एम्पायर्समधल्या तुमच्या चाली आणि फजित्या

सुगरण_पक्षी
काल सासवडच्या रस्त्याला धनगरांचा कळप आडवा आला आणि मी नकळत ओरडले, "आधी आपल्याला दिसल्या, आपल्या झाल्या!" नवरा गाडी बंद करून माझ्याकडे बघत बसला.
२००२, कॉलेजसमोरचा सायबर कॅफे, तासाला २० रुपये, एज ऑफ एम्पायर्स टू, म्हणजे गाव वसवून फौज उभारायची आणि समोरच्याला हरवायचं असा कॉम्प्युटर गेम. त्यात मोकळी मेंढी ज्याला आधी दिसेल त्याची. मुलं किल्ल्यांच्या गप्पा मारायची. मी पहिल्याच मिनिटाला घोडेस्वार त्यांच्या गावात घालायचे आणि राखण नसलेल्या मेंढ्या हाकत आणायचे. मेंढ्या म्हणजे अन्न, आणि एक गडी (गावातला कामकरी) काढायला ५० अन्न लागतं. मेंढ्या गेल्या की नवा गडी निघतच नाही! एकाने चक्क तक्रार केली, "ही लढत नाही, चोऱ्या करते."
तुमचंही सांगा. फजित्या आधी.

घाटावरचा
रानडुक्कर!! तेही अन्नच. दोन बाण मारायचे आणि ते मागे लागलं की टाउन सेंटरकडे, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीकडे, धूम. माझा गडी दर वेळी वाटेतच मेला. ५० सोनं देऊन आधी लूम (गडी दणकट करणारी सुधारणा) करून घ्यावं हे चार वर्षांनी कळलं

बिनसाखरेचा_चहा
सासवडला अंजीर आले का बाजारात?

हत्ती_गेला
नावावरून ओळखा. पर्शियन घेऊन दीड तास खपून वीस हत्ती जमवले. समोरच्याने सात मंक, म्हणजे मंत्र म्हणून शत्रूचे सैनिक आपल्याकडे वळवणारे भिक्षू, उभे केले. हत्ती डुलत डुलत पोचेपर्यंत निम्मे त्याचे झाले, उरलेल्यांना त्यांनीच तुडवलं. वर तो चॅटमध्ये ११ (गेममधला ठरलेला हसण्याचा आवाज) दाबून हसतोय. आता हलके घोडेस्वार पुढे पाठवतो, त्यांच्यावर मंकचा मंत्र लवकर चालत नाही.

घाटावरचा
वोलोलो 😂😂 (तोच तो मंत्र)

शिस्तीत_बोला
ते मूळचं पहिल्या भागातलं, १९९७च्या. तिथे मंक नव्हे, पुजारी.

घाटावरचा
बरं सर

दुपारची_झोप
मी सगळीकडून दगडी भिंत घातली, निवांत चहा आणायला गेले. माझाच एक गडी लाकडं आणायला दाराबाहेर पडला, दार उघडलं, बाहेर टपलेले घोडे आत. परत येऊन बघते तर शेतात माणूस नाही. तेव्हापासून दाराला कुलूप लावल्याशिवाय उठत नाही. खऱ्या घरीही तीनदा तपासते, पण तो वेगळा धागा होईल.

शनिवारवाडा_बंद
थोडं अवांतर. एम्पायर टोटल वॉर, २००९चा दुसरा गेम. त्यात मराठे घेऊन खेळता येतं! सुरुवात १७०० पासून. पहिल्यांदा मुघलांची शहरं धडाधड घेत सुटलो, अटकेपार जायचं होतं ना. मागे सगळीकडे बंड. नवं शहर घेतलं की आधी कर माफ करायचा, फौज तिथेच ठेवायची, लोक निवळले की पुढे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनला हे सांगायला हवं, निवडून आल्या आल्या मेंटेनन्स वाढवला.

हत्ती_गेला
पण अटकेपार गेलात का?

शनिवारवाडा_बंद
गेलो की. पहाटे चार वाजता. ऑफिसला दांडी.

सुगरण_पक्षी
@बिनसाखरेचा चहा, आलेत, पण महाग.
रविवारी रात्री खेळायचं का कुणी? नवरा "मला पण शिकव" म्हणतोय. त्याला मेंढ्यांबद्दल अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.