वाफ्यालगत आलेलं हे झाड कोणतं? कडुनिंब की दुसरंच काही?

भाजीसाठी भाड्याने घेतलेल्या तुकड्यात, कुंपणाला लागून एक झाड आहे. आधीच्या भाडेकरूने लावलं की आपसूक आलं, देव जाणे. मी कडुनिंब म्हणतोय, शेजारच्या वाफ्यावरचे काका नुसती मान हलवतात. पानं पार झडली, तरी पिवळट फळांचे घोस लोंबतच राहिले. फुलं फिकट जांभळी होती. ठेवू की काढू?

उत्तर १: जांभळी फुलं? मग कडुनिंब बाद, त्याची पांढरी असतात. पान बघा. मधल्या दांड्यालाच पर्णिका (पानाची छोटी पानं) असतील तर कडुनिंब. दांड्याला उपदांडे फुटून त्यांवर पर्णिका असतील तर बकाण निंब.

प्रश्नकर्ता: उपदांडे आहेत! एक फळही फोडलं. आत टणक आठळी, तिच्यावर उभ्या धारा.

उत्तर २: बकाणच. त्या आठळ्या माळेत ओवतात, मधोमध आयतं भोक असतं. पण फळ विषारी, माणसालाही आणि डुकरालाही. पक्षी मात्र खुशाल खातात आणि बी भलतीकडे टाकतात. लहान मुलं येत असतील तर घोस पडायच्या आत उतरवा. नुसतं छाटून भागणार नाही, बुंधा पुन्हा फुटतो.

प्रश्नकर्ता: मुलं येतात. शिवाय दुपारनंतर सावली नेमकी टोमॅटोवर. काढतोच.

उत्तर १: आधी जागामालकाला विचारा. भाडेकरारात झाडांची अट असली तर उगाच वाद.