मेलमधलं 'रिव्हर्ट', 'इन्शुअर': चालवून घ्यायचं की सुधारायचं?

अंबडकर: अंबड एमआयडीसीत क्वालिटी बघतो. आमच्याकडून बाहेरदेशीच्या कस्टमरला मेल गेला, 'प्लीज रिव्हर्ट द ड्रॉइंग'. म्हणायचं होतं ड्रॉइंग बघून उत्तर द्या. पण रिव्हर्ट म्हणजे आधी होतं तिथे परत जाणं, त्यामुळे समोरच्याने ड्रॉइंगची नवी 'रिव्हिजन सी' बाजूला ठेवून जुनी 'रिव्हिजन बी' पाठवली, आणि इकडे सीचं फिक्श्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवायचं साधन, तयार होऊन पडलेलं, टूलरूमवाले वैतागले, डिस्पॅच लांबला. तरी ऑफिसात सगळे म्हणतात चालतंय. मला नाही पटत. उत्तर पाहिजे तर रिप्लाय लिहा ना.

सिन्नरची_एचआर: दादा तुमचं नुकसान खरंय, पण रिव्हर्ट म्हणजे उत्तर हे भारतात काय, सिंगापूर-मलेशियातही रुळलंय. प्रीपोन, म्हणजे ठरलेलं अलीकडे आणणं, त्यालाही लोक नावं ठेवायचे, आज तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. आणि मला जास्त काय खटकतं सांगू, चुका काढणारे नेमके मराठी मीडियमच्या आयटीआय-डिप्लोमावाल्या पोरांनाच धरतात. आमच्याकडचा एक पोरगा नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे सांगतो. त्याने 'लॉस'च्या जागी 'लूज' लिहिलं तर साहेबांनी अख्खं डिपार्टमेंट सीसीत ठेवून सुधारलं. तेव्हापासून तो मेलच करत नाही, सगळं फोनवर, लेखी काही राहतच नाही. हे नुकसान कोण मोजणार?

पिंपळगाव_द्राक्ष: ताई, पोराला असं सगळ्यांसमोर बोलणं चूकच, पण शब्दाने पैसे जातात हो. आमचा माल जेएनपीटी बंदरातून रॉटरडॅमला जातो. सीआयएफ म्हणजे भाडं आणि विमा धरून सौदा, त्यात माल विकणाऱ्याने विमा काढायचा; सीएफआर म्हणजे नुसतं भाडं धरून, त्यात विम्याची जबाबदारी आपली नसते. आता सीएफआरच्या सौद्यात कोणी 'वी विल इन्शुअर सेफ डिलिव्हरी' लिहिलं, मनात होतं 'एन्शुअर', म्हणजे नीट पोचेल याची काळजी घेऊ, पण वाचणारा म्हणणार विमा तुम्ही कबूल केलाय. माल खराब निघाला की तोच मेल पुढे करतात. सीझनमधे रात्री पॅकहाऊसवरून मोबाईलवर घाईघाईत मेल जातात तेव्हा हेच होतं.

सिन्नरची_एचआर: बाहेरच्या मेलचं मान्य. घरातल्या घरात तरी सोडा की.

अंबडकर: घरातलाच मेल फॉरवर्ड होत होत बाहेर जातो ताई, खाली अख्खी ट्रेल लटकलेली असते. आमचं ड्रॉइंगचं तसंच झालं, मूळ ओळ स्टोअरमधून डिझाईनला लिहिलेली होती, कस्टमरसाठी नव्हतीच.

सातपूर_नाईटशिफ्ट: मी ताईंच्या बाजूने. सगळा दोष आपल्या इंग्रजीवर कशाला? 'बायवीकली रिपोर्ट' घ्या, इंग्रजांच्याच डिक्शनरीत दोन्ही अर्थ दिलेत, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. तिथे कितीही शुद्ध लिहा, घोळ होणारच. सरळ सोमवार-गुरुवार लिहा. 'टिल फ्रायडे'चं तसंच, शुक्रवारपर्यंत काम चालू ठेवायचं की शुक्रवारच्या आत द्यायचं? तारीख आणि वेळ टाका, विषय संपला.

अंबडकर: मग तेच तर म्हणतोय, दोन अर्थ निघतील असा शब्द नको. 'डू द नीडफुल', म्हणजे लागेल ते करा, वगैरेला माझी काही हरकत नाही, जुनी पद्धत आहे, त्याने कोणाचं काही अडत नाही.

सिन्नरची_एचआर: ठीक, सुधारा. पण सीसी काढून, पोराला बाजूला घेऊन. आणि साहेब 'डिस्कस अबाउट' लिहितात, तिथे अबाउट लागतच नाही, त्यालाही तोच न्याय लावा, तिथे मात्र सगळे गप्प बसतात.