शेजारच्या खाटेवरची लस चालत नाही
कुणीतरी विचारलंय, कॅन्सरची एमआरएनए लस (पेशींना प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू वापरून केलेली) गोवरासारखी लहानपणीच टोचून घ्यायची का? नाही हो, 'लस' या शब्दानेच घोळ घातलाय. हा आजार झाल्यावरचा उपचार आहे. मॉडर्ना आणि मर्क या औषध कंपन्यांच्या लसीसाठी रुग्णाची काढलेली गाठ त्याच्याच निरोगी पेशींशी जनुकीय पातळीवर ताडून बघतात. फक्त गाठीत सापडलेले जास्तीत जास्त ३४ बदल निवडून त्यांचा मजकूर एमआरएनएत लिहितात, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीला चोर ओळखता येतो. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची लस तुमच्या कामाची नाही! मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या १५७ जणांच्या चाचणीत, नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधापेक्षा जोडीला लस दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा झकास, पण माणसं १५७च. मी तरी इतक्यात पेढे वाटणार नाही.

आणि एमआरएनए लसी ठेवायला उणे ७० अंशांचा फ्रीझर लागतो असं म्हणाल, तर पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची करोनावरची एमआरएनए लस २ ते ८ अंशांवर टिकते. २०२२ मध्येच तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली होती.