पहिल्यांदा विमानात, सोबत इन्सुलिन : तुमचं काय झालं ते सांगा

पुढच्या महिन्यात लेकीला बंगळुरूला सोडायला जायचंय, नर्सिंगला नंबर लागला तिचा. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरात आजवर कोणी विमानात बसलं नाही अन् पहिली बसणार ती टाईप वन डायबेटीसवाली पोरगी, रोज इन्सुलिन घ्यावंच लागतं तिला. नऊ वर्षांची असताना निघालं, आता एकोणीसची आहे, दिवसाच्या चार सुया स्वतःच घेते. रेल्वेनं नेऊ म्हणत होतो पण तिच्या मामानं परस्पर तिकीट काढून टाकलं, नागपूरहून. तेव्हापासून मला झोप नाही. विमानतळावरच्या एक्स-रे मशीनमधून गेलं तर इन्सुलिन खराब होतं का, सुया काढून घेतात का, वर गेल्यावर शुगर खाली येते का, काहीबाही येतं डोक्यात. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, पण डॉक्टर काही सुया टोचत विमानात बसले नसतील कधी. म्हणून जे जे उडून आले किंवा लेकराला घेऊन गेले त्यांनी जसं घडलं तसं लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी लिहा.

वणीहून

फजितीच पाहिजे तर माझी घ्या. २०१९ चा जून, पुण्याला इंटरव्ह्यू, कंपनीनंच तिकीट पाठवलेलं. आईच्या डोक्यात एकच, इन्सुलिन थंड पाहिजे. तिनं काय केलं, चौकातल्या आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजमध्ये जेलचे पॅक रात्रभर ठेवायला दिले अन् सकाळी दोन्ही पेनं, म्हणजे सुई लावून इन्सुलिन टोचायची ती, त्याला रबरबँडनं घट्ट बांधून वरून टॉवेल गुंडाळून दिला. मीही खूश, हाताला गारगार लागत होतं ना. पुण्यात पोचलो, जेवणाआधी १२ युनिट घेतले, दोन तासांनी पाहतो तर शुगर ३८०. म्हटलं टेन्शननं असेल, पुन्हा घेतलं. सकाळी ४६०, तोंडाला कोरड, दर अर्ध्या तासाला बाथरूम, असा गेलो मी इंटरव्ह्यूला. तिथून सरळ मेडिकलवर. तो म्हणाला गोठलं होतं का कधी, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, फेकून द्या. माझं तर पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं! दुधाळ इन्सुलिन असतं त्याच्यात गोठल्यावर गुठळ्या दिसतात, पण स्वच्छवाल्यात पाहून काहीच कळत नाही. नवीन पेन घेतल्यावर संध्याकाळपर्यंत खाली आली. नोकरी नाही लागली, ते वेगळ्या कारणानं.

म्हणून खालच्या सामानात इन्सुलिन टाकायचंच नाही, तिथं गोठू शकतं, अन् बॅग दुसऱ्याच गावाला गेली तर मग काय करता. सगळं हातातल्या बॅगेत. चालू पेन महिनाभर बाहेर राहू शकतं, फक्त आपल्याकडच्या उन्हापासून वाचवायचं.

धारणीहून, शाळामास्तर

वणीवाल्यांनी गोठवलं, मी उकडलं. विमानात काही होत नाही हो, जे होतं ते विमानतळापर्यंत होतं. मे महिना, पारा ४५ च्या वर, धारणीहून निघालो, सेमाडोहचा घाट, परतवाड्याला गाडी उभी करून आम्ही जेवायला गेलो अन् बॅग गाडीतच. बंद गाडीत तासभर. हात लावला तर पेन चहाच्या कपासारखं. नशीब की बायकोच्या पर्समध्ये एक जास्तीचं होतं, तिला मी निघताना हसलो होतो की एवढं कशाला.

घरी आम्ही दोन मडक्यांची सोय केली आहे, मोठ्यात ओली रेती अन् त्यात लहान मडकं, लाईट गेली तरी आतलं बऱ्यापैकी गार राहतं. प्रवासात ओल्या पंचात गुंडाळलेली प्लॅस्टिकची डबी, अन् पंचाला हवा लागू द्यायची, बॅगेत कोंबायचं नाही. मात्र ही युक्ती आपल्या कोरड्या हवेतच चालते, जसा कूलर आपल्याकडे चालतो अन् मुंबईत नुसती चिकचिक करतो तसंच. दारव्हा ते नागपूर दुपारची बस असेल तर इंजिनाजवळची अन् उन्हाच्या बाजूची सीट घेऊ नका.

तुमसरहून, सहा वर्षांच्या पोराचा बाप

सिक्युरिटीचं भेव काढून टाका. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी, पेन, सुया, शुगर तपासायचं मशीन सगळं एका पारदर्शक पिशवीत घेतलं अन् ट्रे सरकवायच्या आधीच सांगितलं, लेकराला शुगर आहे, हे त्याचं औषध आहे. पोराच्या दंडावर सतत शुगर दाखवणारा सेन्सर आहे, तो पाहून तिथल्या मॅडमनं विचारलं दुखते का रे बाळा, तो म्हणाला नाही, हा माझा मोबाईल आहे. हसल्या अन् हातानं तपासून सोडलं. इन्सुलिन एक्स-रेतून गेलं, काही झालं नाही. अंगाला लावलेला इन्सुलिनचा पंप असेल तर मात्र तो एक्स-रेत टाकू नका अन् अंगाच्या स्कॅनरमधूनही नेऊ नका, हातानं तपासा म्हणायचं.

चूक माझी पुढं झाली. खाण्याची गाडी चार रांगा पुढं दिसली, मी घरच्या हिशोबानं सुई देऊन मोकळा. अन् लगेच विमान हलायला लागलं, पट्ट्या बांधा म्हणाले, गाडी मागं गेली ती गेलीच. वीस मिनिटं झाली, सेन्सर ओरडतोय, ८२, ७४, बाण खाली. ग्लुकोजची पुडी कुठं तर वरच्या कप्प्यात, अन् उठू देत नाहीत! एसटीत कसं, कंडक्टरला ओरडलं की गाडी थांबते. इथं थांबवून थांबवून कुठं थांबवणार. मी बटण दाबत राहिलो. बाजूच्या काकांनी खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या, चार चघळायला लावल्या, तेवढ्यात विमानातली वाढणारी मुलगी सीटा धरत धरत ज्यूस घेऊन आली. ६१ वरून वर आलं. बायको मुंबईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, बरोबरच आहे.

जेवण ताटात आल्याशिवाय सुई नाही, अन् साखर अंगावर पाहिजे. तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा पहा, हे तर तुम्हाला माहीतच असेल, पण पुडी वरच्या कप्प्यात असेल तर माहीत असून उपयोग नाही.

पुसदहून

माझं थोडं वेगळं आहे. लग्नानंतर दोन महिन्यांनी सगळे मिळून तिरुपतीला निघालो, हैदराबादपर्यंत विमान. नवऱ्याला माहीत होतं, सासरी सांगितलं नव्हतं, माझ्याच घरच्यांचा आग्रह की आत्ताच नको. मी बाथरूममध्ये जाऊन सुया घ्यायची. सिक्युरिटीला माझी बॅग बाजूला काढली अन् सासूबाईंसमोर एकेक वस्तू बाहेर, पेन, सुया, शुगर तपासायच्या पट्ट्या, मशीन. हे कोणाचं आहे म्हणून विचारलं, मी म्हटलं माझं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. विमानात बसल्यावर म्हणाल्या, म्हणून तू दर वेळी जेवायच्या आधी गायब होतेस होय, मला वाटलं तुला माझ्या हातचं आवडत नाही. तिथंच सीटवर बसून पहिल्यांदा सगळ्यांदेखत सुई घेतली. मामेसासूबाई अजूनही म्हणतात एवढ्या लहान वयात शुगर कशी, त्यांना सांगून सांगून दमले की ही वेगळी, गोड खाऊन झालेली नाही.

आर्वीजवळचं खेडं, सध्या लंडन

ताईंच्या लेकीला हे लागणार नाही पण परदेशी जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. मी गावात सरकारी दवाखान्यातली ४० ची बाटली (एका मिलीत ४० युनिट) अन् लाल टोपणाची सिरिंज वापरायची. इथं सगळं १०० चं. महिन्याभरात माझं पेन बिघडलं, मी म्हटलं काय झालं, आणलेल्या सिरिंजा आहेत ना, अन् इथल्या कार्ट्रिजमधून (पेनात घालायची इन्सुलिनची नळी) लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढायला बसले. १० च्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर अंगात २५ युनिट गेले असते. कार्ट्रिजवरचा १०० चा आकडा दिसला म्हणून वाचले. दोन्हींची गल्लत करू नका, १०० ला नारिंगी टोपणाचीच.

वेळेचा घोळ वेगळा. रात्री १० चं लांब चालणारं इन्सुलिन, सप्टेंबरात इथं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. पहिल्या दिवशी भारतातल्याच वेळेला घेतलं, घड्याळ मुद्दाम बदललं नाही, मग डॉक्टरांनी मांडून दिलं तसं पुढं सरकवत नेलं. अन् विमानात डायबेटिक जेवण मागवू नका, मला नुसत्या भाज्या अन् उकडलेलं काहीतरी आलं, सुई कशासाठी घ्यायची तेच कळेना. आईनं दिलेल्या सांबारवडीवर (कोथिंबिरीची वडी) मुंबई ते लंडन काढलं.

अचलपूरहून

मले चौदाव्या वर्सापासून हाय, आता अठ्ठावन झाले. आमच्या टायमाले काचीची सिरिंज राहे, माय पातेल्यात उकयून देये. मांगच्या वर्सी अमरावतीहून मुंबईले गेलो, तिथल्या बेलोऱ्याच्या इमानतळाहून इमान सुरू झालं ना २०२५ च्या एप्रिलात, पंख्याचं लहानसं इमान हाय, एसटीवानीच वाटते. तपासनीवाला म्हने हे काय हाय काका, म्या म्हटलं जीव हाय माहा, हळू धर. इमान लेट झालं त दुपारची सुई वरच घ्या लागली. बाटलीवाले असान त एक ध्यानात ठेवा, आपन घरी सिरिंजीत हवा भरून बाटलीत सोडतो अन् मंग औषध वढतो, वर हवा नोको सोडू, तिथं दाब कमी रायते, बाटलीतलं आपोआप जोरानं येते. बुडबुडा पाहून घेजो. बाकी पोरीले जाऊ द्या बिनधास्त, काऊन घाबरून रायल्या.

दारव्ह्याहून, पुन्हा मीच

सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं लेकीला, सासूबाईंचं वाचताना तिनं दोनदा वाचायला लावलं. ओला पंचा, जास्तीचं पेन अन् लिमलेटच्या गोळ्या आणून ठेवल्या. साखर अंगावर ठेवा म्हणालात, तर पाहिलं, तिच्या एकाही कुर्त्याला खिसा नाही. आज दोन कुर्ते शिंप्याकडं टाकले, आतून खिसा लावायला. तो विचारत होता मोबाईल ठेवायचा का, म्हटलं नाही, ग्लुकोजची पुडी मावली पाहिजे.