चांदोरीच्या शेतात गाडलेलं नदीचं जुनं पात्र हातोड्याच्या सर्व्हेने सापडेल का?

द्राक्षबाग_निफाड
राम राम मंडळी. शेत चांदोरी-सायखेडा शिवारात, गोदावरीपासून अर्ध्या किलोमीटरवर. माझ्या विहिरीला १५ फुटांवरच काळा पाषाण लागला. बांधापलीकडे चुलत्यांच्या विहिरीत ४० फुटांपर्यंत गाळ, तळाशी वाळू आणि गुळगुळीत गोटे, पाणी मे महिन्यातही टिकतं. जुनी माणसं सांगतात, नदी पूर्वी इकडून वाहायची. एका एजन्सीने सिस्मिक सर्व्हे सुचवलाय, म्हणजे हातोड्याच्या हादऱ्यांवरून जमिनीखालचा खडक शोधायचा. लाइन नदीला समांतर, गाडीरस्त्याच्या कडेने आखलीय. पैसे घालावेत का?

भूभौतिक_नाशिक
भाऊ, पद्धत तुमच्या कामाची आहे, पण लाइन आधी बदलून घ्या. जुनं पात्र बहुधा नदीच्या दिशेनेच गेलेलं असणार. समांतर लाइन एकतर पूर्ण पात्रात पडेल नाहीतर पूर्ण बाहेर, आणि दोन्ही वेळा खडक सपाटच दिसेल. तुमच्या विहिरीकडून चुलत्यांच्या विहिरीकडे, बांध ओलांडून आडवी घ्या. दोन्ही टोकांना खोली माहीत आहे, हे तुमचं भाग्य समजा.

लोखंडी प्लेटवर घण मारायचा आणि ओळीने रोवलेल्या जिओफोनांना (हादरे टिपणाऱ्या छोट्या यंत्रांना) हादरा कधी पोचतो ते मोजायचं. कोरड्या गाळात लाट सेकंदाला साधारण ६०० मीटर जाते, घट्ट बेसॉल्टमध्ये, म्हणजे तुमच्या काळ्या पाषाणात, ४,००० च्या पुढे. खडक १५ ऐवजी ४० फुटांवर असेल, तर तिथल्या जिओफोनला लाट सुमारे १२ मिलिसेकंद उशिरा पोचते. हा फरक यंत्रावर स्वच्छ दिसतो. २४ जिओफोन ३-३ मीटरवर लावले की ४०-४५ फुटांपर्यंतचं काम होतं.

पण यातून खडकाचा आकार कळतो, पाणी कळत नाही. पाण्याखालची वाळू आणि पाण्याखालची चिकणमाती, दोन्हींत वेग १,५०० च्या आसपासच. खळगा सापडला आणि आत नुसती चिकणमाती निघाली, तर विहीर वाया. शिवाय खोलवर कुजलेला मुरूमही खळग्यासारखाच दिसतो.

बोअरगाडी
मग सरळ रेझिस्टिव्हिटी करा की, जमिनीत करंट सोडून तिचा विरोध मोजायचा. स्वस्त पडते, आणि वाळू-चिकणमाती वेगळी ओळखता येते.

भूभौतिक_नाशिक
दादा, बरोबर आहे, मीही दोन्ही मिळूनच सांगते. पण यांच्या बागेत मंडपाचे लोखंडी अँगल आणि तारा आहेत. जमिनीत गाडलेल्या अँगलांतून करंट पळतो आणि आकडे बिघडतात. रेझिस्टिव्हिटी बागेबाहेर, मोकळ्या रानात घ्यावी. सिस्मिकला लोखंडाचं वावडं नाही, वाऱ्याचं आहे: वारा सुटला की तारा थरथरतात आणि ती थरथर अँगलांतून मातीत उतरते. म्हणून पहाटे काम उरकायचं, आजूबाजूच्या मोटारी बंद ठेवून. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर जिओफोन वर ठेवू नका, वीतभर खणून ओलीत घट्ट रोवा.

द्राक्षबाग_निफाड
ताई, आडव्या लाइनसाठी चुलत्यांशी बोललो, ते तयार आहेत. एजन्सीवाला म्हणतो, एकाच टोकाला घण मारून भागेल. खरं का?

भूभौतिक_नाशिक
नाही. दोन्ही टोकांना आणि मध्येही मारून घ्या. एका टोकाच्या आकड्यांवरून खडक उतरता आहे की त्याचा वेगच वेगळा, हे ठरत नाही. आणि अहवालाबरोबर मूळ नोंदींची फाइल मागा, पैसे त्यानंतरच द्या.