व्हिएतनाममधील दीर्घ भटकंती: जोडीने जाऊन आलेल्यांना आज काय वाटते?

प्रश्न

आम्ही पती-पत्नी येत्या जानेवारीत पाठीवरच्या सॅक तेवढ्या घेऊन व्हिएतनामला जाण्याचा बेत करीत आहोत. ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो आणि तो जवळजवळ पूर्ण वापरण्याची इच्छा आहे. ठिकाणांच्या याद्या पुष्कळ सापडल्या. परंतु असा लांबचा प्रवास जोडीने केलेल्यांच्या मनात आज त्यातले काय उरले आहे आणि काय वगळले असते तरी चालले असते, हे समजून घ्यायचे आहे. सुरुवात हनोईहून करावी की हो चि मिन्ह सिटीहून, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.

प्रतिसाद 1

जानेवारीत निघणार असाल, तर दक्षिणेकडून, म्हणजे हो चि मिन्ह सिटीहून, सुरुवात करावी. देश उभा आणि चिंचोळा असल्यामुळे त्या महिन्यात दक्षिणेला मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात कोरडी, उबदार हवा असते, तर उत्तरेचे डोंगर गारठलेले आणि धुक्यात बुडालेले असतात. सावकाश वर सरकत गेल्यास तेथे पोहोचेपर्यंत मार्च उजाडतो. मात्र तेत, म्हणजे त्यांचे चांद्र नववर्ष, साधारण 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येते. त्या काळात गाड्यांची तिकिटे मिळत नाहीत आणि पुष्कळ दुकाने बंद राहतात, म्हणून तो आठवडा एकाच गावी मुक्काम ठोकून काढलेला बरा.

आम्हाला आज सर्वांत जास्त आठवते ती रेल्वे. हनोई ते हो चि मिन्ह सिटी हा लोहमार्ग 1726 किलोमीटरचा आहे. तो सलग न करता तुकड्यातुकड्याने करावा. देशाच्या मध्यभागातील दा नांगहून उत्तरेला ह्युएला जाताना गाडी हाय वान घाटाच्या कड्याला बिलगून अगदी संथ चालते आणि उजव्या खिडकीखाली थेट समुद्र दिसतो. सहा बर्थच्या डब्यात सर्वांत वरचा बर्थ घेऊ नये, तेथे ताठ बसतासुद्धा येत नाही.

दा नांगजवळच्या होइ आन या जुन्या गावी जाल तेव्हा जवळचे मी सोन चुकवू नका. प्राचीन चंपा राज्याच्या चाम राजांनी बांधलेली ही विटांची शिवमंदिरे 1969 च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात बरीचशी उद्ध्वस्त झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे जीर्णोद्धाराचे काम केले असून 2020 मध्ये त्या कामातच वालुकाश्माचे एक अखंड शिवलिंग सापडले.

प्रतिसाद 2

दिशेबद्दल वरील मत मान्य आहे, परंतु रेल्वेचे कौतुक मला थोडे अतिच वाटते. आमच्या आठवणीत ठसला तो उत्तर टोकाचा ‘हा जियांग’ नावाचा डोंगराळ भाग, आणि तेथे रेल्वे जातच नाही. मा पी लेंग खिंडीतून खाली न्हो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते. त्या वळणांवर स्वतः दुचाकी चालवण्याचा हट्ट न धरता स्थानिक चालकाच्या मागे बसावे. दरी पाहायला डोळे मोकळे राहतात.

वगळायचेच झाले, तर ‘हा लाँग’ उपसागराची एका दिवसाची धावती सहल वगळावी. तेथल्यासारखेच चुनखडीचे डोंगर निन्ह बिन्हला भातशेतांतून वर आलेले दिसतात आणि तेथील ताम कोकचे नावाडी पायांनी वल्ही मारत तुम्हाला त्यांच्यामधून नेतात.

जोडीने जाणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. चोवीस तास एकमेकांसोबत राहण्याची सवय घरी कोणालाच नसते, त्यामुळे काही आठवड्यांनी भांडणे होतात ती बसच्या वेळेवरून आणि जेवायचे कोठे यावरून. आम्ही एक दिवस पत्नीचा, एक दिवस माझा असे ठरवले. त्या दिवसाचे सर्व निर्णय एकाने घ्यायचे आणि दुसऱ्याने कुरकुर करायची नाही. शिवाय दुपारचे दोन तास वेगवेगळे काढायचे. ती बाजारात रमे आणि मी कॉफीच्या दुकानात, पेल्यावर ठेवलेल्या फिन नावाच्या धातूच्या गाळणीतून काळी कॉफी थेंबथेंब गळताना पाहत बसे.

प्रतिसाद 3

व्हिएतनामचे चलन डाँग आहे. त्यातल्या 20,000 आणि 500,000 डाँगच्या नोटा दोन्ही निळसर आहेत आणि संध्याकाळच्या उजेडात त्यांची सहज गल्लत होते. त्या पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात आणि रोख रक्कम दोघांनी विभागून बाळगावी. कपडे मोजकेच न्यावेत, कारण किलोवर धुऊन देणारी दुकाने पर्यटकांच्या बहुतेक गावांत आहेत.